पुठ्ठ्याचं वल्हं

पाचवीत असताना एका रविवारी मला कोळीण व्हावं लागलं. आमचं गाव सावंतवाडीच्या पुढे, समुद्रापासून चांगलं आत. घरात कुणी मासेमारी केलेली नाही. पाण्यावर गेले असतील तर ते मुंबईला यायला, बोटीने, पोटासाठी. पण त्या रविवारी लालबागच्या आमच्या चाळीच्या चौकात आम्ही बारा मुली आडवं पातळ नेसून, अबोलीच्या वेण्या माळून, हातात पुठ्ठ्याची वल्ही घेऊन सकाळी नऊपासून उभ्या होतो. परदेशी पाहुणे येणार होते.

वर्ष १९८४. गिरणी संपाला दोन वर्षं होऊन गेली होती. १८ जानेवारी १९८२ ही तारीख आमच्या मजल्यावर मुलांच्या जन्मतारखांसारखी पाठ होती. अडीच लाख कामगार त्या दिवशी बाहेर पडले, त्यात बाबाही. ते साचेखात्यात होते. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, त्यामुळे तो संपला कधी हे आजही सांगता येत नाही. आमच्यापुरतं एवढंच कळत होतं की पहाटेचा भोंगा बंद झाला होता आणि बाबा तरीही त्याच वेळेला उठून गॅलरीत उभे राहत.

अशा दिवसांत वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेची दोन माणसं चाळीत आली. बाहेरच्या देशातले लोक गिरणगाव बघायला येणार आहेत, मदत देण्याचा त्यांचा विचार आहे, त्यांचं स्वागत नीट झालं पाहिजे, असं त्यांनी कमिटीला सांगितलं. मग बैठक झाली. आमच्या मजल्यावरच्या मंडळींनी सांगितलं, आमची जाखडी आहे, पोरं तयारीची आहेत, ढोलकी घरची आहे. साताऱ्याकडच्या खोल्यांनी लेझीम सुचवली. संस्थेची माणसं ऐकून घेत होती. शेवटी त्यातला एक म्हणाला, मुंबई म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर कोळी येतात, तेव्हा कोळी नाचच बरा. वाद कुणी घातला नाही. घालण्यासारखी ताकद त्या वर्षी कुणात नव्हती.

नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून पातळं आणि लाल टोप्या आल्या. भाडं गणपतीच्या शिलकीतून भरलं. वल्ही आम्हीच पुठ्ठा कापून केली, वर चॉकलेटी रंग दिला. आयांनी जमेल तशी पातळं नेसवली. तेवढ्यात वरळीहून रोज आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी जिन्यापाशी आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, पाटी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाल्या, "असा नाय नेसत, पोरी." मग एकेकीला समोर उभं करून त्यांनी बाराही जणींना पुन्हा नेसवलं. सुरमई उन्हात होती. त्यांना घाई असणार. पण शेवटच्या मुलीचा काष्टा नीट बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत. सगळ्या चौकात ते वस्त्र ज्यांचं खरंच होतं अशा त्या एकट्याच होत्या, आणि त्यांना नाचायला कुणी बोलावलं नव्हतं.

त्याआधी, गुरुवारी की शुक्रवारी, कागद झाला होता. चौकात टेबल मांडलं, संस्थेचा एक मुलगा वही घेऊन बसला. खोलीवार एकेकाने यायचं आणि हवी असलेली एकच गोष्ट सांगायची. सबंध चाळ रांगेत उभी राहिली. मी आईचा पदर धरून उभी होते, म्हणून बरंच काही ऐकलं. कुणी शिवणयंत्र मागितलं, कुणी मुलाला नोकरी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा सांगितला. आई म्हणाली, सकाळी अर्धा तास जास्त पाणी. आमच्याकडे पाणी पहाटे चारला येऊन पाचला जायचं. बाबांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "लिहा, गिरणी सुरू करा." त्या मुलाने वर बघितलं. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणाला, काका, ते यांच्या हातात नाही, घरासाठी काहीतरी सांगा. बाबा थोडा वेळ उभे राहिले आणि मग रांगेतून बाजूला झाले.

रविवारी साडेबाराच्या सुमाराला गाड्या आल्या. दोन पांढऱ्या अँबेसेडर आणि मागे एक छोटी बस. ढोलकीवर थाप पडली, आम्ही वल्ही उचलली. गाड्या फाटकापाशी हळू झाल्या, बसच्या काचेतून एक हात हलला आणि गाड्या पुढे गेल्या. नाच चालूच राहिला, कारण थांबायला कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशी कमिटीचे दोघे कपडे परत करायला गेले. एका पातळाला ऑइलपेंट लागला होता, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले.

अकरा वर्षांनी, १९९५ साली, दादरला एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी हाच चौक पडद्यावर बघितला. सिनेमा स्पॅनिश होता, १९५३ सालचा, कृष्णधवल. 'बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल', म्हणजे 'या, मार्शलसाहेब'. दिग्दर्शक लुईस गार्सिया बर्लांगा. त्याआधी मी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं.

विलार देल रिओ नावाचं कास्तील प्रांतातलं एक गाव. चौक, चर्च, कारंजं, कमी ऐकू येणारा म्हातारा अलकाल्दे, म्हणजे सरपंच म्हणू या. होसे इस्बेर्त या नटाने तो केला आहे आणि त्याचा घोगरा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. एके दिवशी वरचा अधिकारी येऊन सांगतो की अमेरिकन लोक येणार आहेत, गावाने स्वागताला तयार राहावं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर दिले. फ्रँकोच्या हुकूमशाहीखालचा स्पेन त्यातून वगळला गेला होता. सगळ्या शेजाऱ्यांच्या घरी पाहुणा येऊन गेला आणि आपल्याकडेच आला नाही, अशा देशातला हा सिनेमा.

त्याच वेळी गावात एक गायिका आणि तिचा मॅनेजर मुक्कामाला आलेले असतात. मॅनेजर अमेरिका बघून आलेला. तो सांगतो, अमेरिकनांना स्पेन म्हणजे आंदालुसिया माहीत आहे: फ्लॅमेंको, रुंद काठाच्या टोप्या, पांढरी घरं, खिडक्यांत फुलं. आंदालुसिया तिथून कितीतरी दूर, देशाच्या दक्षिण टोकाला. पण गाव कामाला लागतं. घरांपुढे खोट्या भिंती उभ्या राहतात, शेतकरी टोप्या घालतात, बायका ठिपक्यांचे झगे शिवून घेतात, आणि सगळे मिळून स्वागताचं गाणं बसवतात. चित्रीकरण माद्रिदजवळच्या ग्वादालिक्स दे ला सिएरा या खऱ्या गावात झालं. ती खोटी भिंत पडद्यावर वर चढताना सभागृह हसत होतं. माझ्या हाताला ऑइलपेंटचा वास आला.

मग रांग. चौकात टेबल, कागद, आणि प्रत्येकाने एकच गोष्ट मागायची. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मी दोन माणसांच्या मधोमध बसले होते.

या सिनेमाबद्दल लिहिणारे बहुतेक जण सरपंचाच्या सज्जातल्या भाषणाबद्दल लिहितात. मी तुमचा सरपंच आहे, तुम्हाला खुलासा देणं लागतो, आणि देणं लागतो म्हणून देणार आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो आणि खुलासा काही येत नाही. चांगलं आहे ते. पण मला विचाराल तर सिनेमाचा जीव रांगेत आहे. त्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं आहे की तुम्हाला काय हवं. उत्तर काढायला त्यांना वेळ लागतो. कॅमेरा त्यांना तो वेळ देतो. हाव दाखवायची असती तर बर्लांगांना एका मिनिटात दाखवता आली असती. त्यांनी ओशाळलेले चेहरे दाखवले.

आदल्या रात्री गाव झोपतं आणि चौघांना स्वप्नं पडतात. जुना आणि नवा काळ इतका एकमेकांत मिसळलेला मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात बघितलेला नाही. गावात एक हिदाल्गो आहे, जुन्या सरदार घराण्यातला, वाड्याशिवाय आणि नावाशिवाय काही न उरलेला. त्याचे पूर्वज अमेरिका जिंकायला गेले आणि तिथल्या लोकांच्या हातून मेले, म्हणून अमेरिकन म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर अजून तेच रानटी लोक येतात. चारशे वर्षं त्याने मध्ये मोजलेलीच नाहीत. स्वप्नात तो चिलखत घालून त्या किनाऱ्यावर उतरतो आणि पकडला जातो. धर्मगुरूच्या स्वप्नात पवित्र सप्ताहातल्या मिरवणुकीचे टोकदार बुरखे दिसतात. बघता बघता ते कू क्लक्स क्लॅनचे, म्हणजे काळ्यांवर हल्ले करणाऱ्या अमेरिकन गोऱ्यांच्या टोळीचे होतात, आणि त्याला ज्या न्यायासनापुढे उभं केलं जातं ते एकाच वेळी इन्क्विझिशनचंही, म्हणजे चर्चच्या जुन्या धर्मन्यायालयाचंही असतं आणि कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या अमेरिकन समितीचंही. सरपंच स्वप्नात काउबॉय होतो, कारण अमेरिका त्याने पाहिली आहे ती सिनेमात.

भीती प्रत्येकाची स्वतःची, खानदानी, जपून ठेवलेली. आशा मात्र दुसऱ्याच्या कपड्यांत आलेली. बर्लांगांनी ही गोष्ट उपदेश न करता, एका रात्रीच्या झोपेत सांगितली. सोबत हुआन अन्तोनिओ बार्देम आणि मिगेल मिउरा हे लेखक होते, आणि डोक्यावर फ्रँकोचा सेन्सॉर. निर्मात्यांची अट होती की लोलिता सेविया या गायिकेला घेऊन गाण्यांचा चित्रपट करा. त्यांनी ती गाणी अशा जागी ठेवली की तीच खोट्या भिंतीचा भाग झाली. अडचणीतून एवढं नेमकं काम काढणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

चौथं स्वप्न हुआन नावाच्या शेतकऱ्याचं. आकाशातून विमान येतं, त्यात पूर्वेकडचे तीन राजे बसलेले असतात, बाळ येशूला भेटी आणणारे, स्पेनमध्ये मुलांना खेळणी देणारे तेच. ते पॅराशूट बांधून एक ट्रॅक्टर खाली सोडतात. ट्रॅक्टर तरंगत तरंगत नांगरटीच्या जमिनीवर उतरतो. बाकीच्या तिघांच्या स्वप्नांत कुणी ना कुणी अंगावर येतं. हुआनच्या स्वप्नात फक्त ट्रॅक्टर येतो.

सकाळी गाड्यांचा ताफा येतो आणि धूळ उडवत, न थांबता, निघून जातो. पाऊस पडतो. खर्च फेडायचा असतो, म्हणून जो तो घरातलं काही घेऊन पुन्हा त्याच चौकात रांगेत उभा राहतो. कुणी बटाट्यांचं पोतं आणतो. हिदाल्गो, ज्याला हे स्वागत मुळातच मान्य नव्हतं, पूर्वजांची तलवार आणून देतो.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या सिनेमाला विनोदी चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. शेवटी पावसाच्या ओहोळातून एक छोटा अमेरिकन झेंडा वाहून जातो, त्या दृश्यावर परीक्षक मंडळातले हॉलिवूडचे नट एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी आक्षेप घेतला. धर्मगुरूच्या स्वप्नातल्या त्याच समितीसमोर रॉबिन्सन यांना स्वतःला जावं लागलं होतं. हे वाचल्यापासून मला त्यांचा राग येत नाही. घाबरलेल्या माणसाला झेंडा वाहून जाताना बघवला नसेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेन आणि अमेरिकेचा करार झाला आणि स्पेनमध्ये अमेरिकन लष्करी तळ आले. गाड्या शेवटी थांबल्या, पण ट्रॅक्टर घेऊन नाही.

त्या संध्याकाळी दादरहून लालबागपर्यंत मी चालत आले. पुढे नोकरीसाठी रोज फोर्टात जायला लागले, तेव्हा या सिनेमाने माझे डोळे बदललेले होते. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर घ्या. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने भारतात कधी पाऊल न ठेवता तो आखला, युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या धाटणीवर. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि त्यांच्या आईचं नाव लागलं. १८७८ मध्ये तो पुरा झाला. वर मान करून नीट बघितलं तर उंचावर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे दगडी पुतळे दिसतात, प्रत्येक जण आपापल्या पेहरावात. मध्ययुग युरोपचं, कारखानदारीचं शतक इंग्रजांचं, कापसाचा पैसा इथला, आणि पेहराव घालून उभी केलेली माणसं आपली. ऊन उतरतं तेव्हा ते सुंदर दिसतात, मी कितीदा थांबून बघितले आहेत. आणि दर वेळी वाटतं की त्यांना कुणीतरी गाड्या येईपर्यंत उभं राहा म्हणून सांगितलं आहे.

गेटवे ऑफ इंडियाची गोष्ट तर सरळ विलार देल रिओचीच. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, त्या आगमनाचं हे स्मारक. पण ते उतरले तेव्हा कमान नव्हतीच. त्यांना दाखवला तो पुठ्ठ्याचा नमुना. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ ला बसला, जॉर्ज विटेट यांची दगडी कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याच खालून बोटीकडे गेली. आधी पुठ्ठा, मग बेसॉल्ट. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चॉकलेटी रंगाची ती वल्ही डोळ्यांसमोर आली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकीसाठी पाहुणे आले आणि रस्त्यालगतच्या झोपड्यांपुढे पडदे लावल्याचे फोटो पेपरात आले, तेव्हा मला आठवले ते पडद्याआडचे लोक. ते त्या दिवशी घरातच होते, स्वयंपाक करत होते, मुलांना शाळेत पाठवत होते.

आम्हाला अमेरिकेकडून काहीच आलं नाही असं मात्र नाही. शेजारच्या काकू माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी मिलो खाल्लेला, तो अमेरिकेतून आलेला लाल जोंधळा. त्याची भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही, असं त्या सांगत. पण पुढे लगेच म्हणत, त्यानंच जगलो, नाव नाही ठेवायचं. मी लहान होते, मला वाटायचं यातलं एक काहीतरी खरं असणार. आता दोन्ही खरं वाटतं.

आमची चाळ पाडून तिथे इमारत झाली. बाबा त्याआधीच गेले. आई चौदाव्या मजल्यावर राहते, चोवीस तास पाणी आहे, आणि ती आजही पहाटे चारला उठून पिंप भरून ठेवते. भावाने दोनदा पिंप काढून टाकलं, तिने दोनदा नवीन आणवलं.

गेल्या दिवाळीत मी लॅपटॉपवर तिला हा सिनेमा दाखवला. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, त्या मी मराठीत सांगत होते. खोट्या भिंती बघून ती म्हणाली, "हे आमचेच." टोप्यांना हसली. स्वप्नांच्या वेळी गप्प होती, बुरखे तिला आवडले नाहीत. ट्रॅक्टर आकाशातून उतरायला लागला तेव्हा मात्र ती पुढे सरकून बसली. मग गाड्या आल्या, गेल्या, पाऊस पडला. मला वाटलं ती गाड्यांबद्दल काही बोलेल.

"त्येका ट्रॅक्टर गावलो काय गो?" तिने विचारलं.

"नाही गं."

"नाव तरी लिवलेलां मां त्येचां?"

मी म्हटलं, हो, लिहिलं होतं, रांगेत सगळ्यांचीच लिहिली होती. तिने मला तो भाग परत लावायला सांगितला. मी मागे जाऊन रांग लावली. माणसं टेबलापाशी येत होती, टोपी हातात धरून, क्षणभर थांबून, एकेक गोष्ट सांगत होती. आई चष्मा वर करून बघत होती.

"तुझ्या बापाशीचां नाव लिवलेलां," ती म्हणाली. "फुडे कोरांच रवलां."

चाळीस वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. बाबा बाजूला झाल्यावर तिने वहीत डोकावून बघितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर रांग अजून संपली नव्हती. तिने हात करून सांगितलं, चालू दे.